दोरीवरचं लुगडं

आप्पादादा,

तुमी सगळे दुष्काळापायी पुण्याला गेलात, तवापासून तुमचं घर बंद हाय. त्याचा विमा काढावा म्हणून पतसंस्थेत गेलतो. तिथला माणूस म्हणला, "रिकाम्या घराचा विमा होत न्हाई. मी येऊन बघतो."

मग मी तुमच्या घरात चूल पेटवली. टँकरच्या पाण्यात वहिनीचं जुनं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं.

त्यानं येऊन विचारलं, "कोण कोण ऱ्हातं?" मी तुमच्या सगळ्यांची नावं सांगितली. लई दिवसांनी तोंडात आली.

विमा झाला. हे पत्र धाडत न्हाई. वहिनी म्हणल, लुगड्यापायी टँकरचं पाणी कशाला घालवलं?

लुगडं अजून दोरीवरच हाय. वाऱ्यानं हललं की मेंढरं तिकडं बघत्यात. मी बी बघतो.

तुमच्या माघारी,
सटवा