मुलींची रेघ

मिल लेन,
११ जून १९५४

प्रिय हिल्डा,

देवाच्या कृपेने आम्ही सारे ठीक. तुझा रुबार्बचा जॅम पोचला, बरणी धुऊन ठेवली आहे. तुझ्या क्लिफर्डला ग्रामर स्कूलची टोपी घेतलीत, चांगलं झालं. पोराला माझे आशीर्वाद.

आमच्याकडे ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालाचं पाकीट पातळ आलं, तुला ठाऊकच आहे. जाड असलं की आत गणवेशाची यादी, पातळ असलं की संपलं. बेरिलने ते फोडलंही नाही. "आई, मी नापास," म्हणाली. पत्रात तो शब्द कुठेच नाही गं! 'दुसऱ्या शाळेसाठी निवड' असं छापलंय. पण खाटीकसुद्धा मटण बांधता बांधता म्हणतो, "काय बाई, तुमचीही नापास ना? पाठवा इकडे, सुऱ्या धुवायला!" तेराव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसता येतं, पण पोरगी पुस्तक उघडेल तर ना. "नापासांना काय करायचंय?" म्हणते.

देवाची इच्छा म्हणून मी गप्प होते. काल तिच्या वर्गशिक्षिका, मिस पार्गेटर, चॅपेलसाठी फुलं मागायला आल्या. चहा ओतताना मी म्हटलं, "आमची नापास झाली, काय करणार."

त्या एकदम म्हणाल्या, "कोण म्हणतं? क्लिफर्डपेक्षा जास्त गुण आहेत तिला! मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये जागा कमी, म्हणून मुलींची पास-नापासची रेघ वर ओढतात. तुमच्या मेहुण्यांना विचारा की. निवड समितीवर तेच आहेत."

चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर सांडत राहिला. मला दिसत होतं, पण हात थांबेना.

तुझ्या अर्नेस्टना ठाऊक होतं, हिल्डा? मग गेल्या रविवारी माझ्या हातचं पुडिंग खात ते तिला कसं म्हणाले, "असू दे गं, सगळ्यांनाच डोकं नसतं"? आणि मी! मी म्हटलं, काकांचं ऐक.

क्लिफर्डला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याचा काय दोष?

गुणांचं मी सांगितलं, पण माझं बेरिलला खरं वाटत नाही. "तू आईच, तू असंच म्हणणार." समितीच्या माणसाचं वाटेल. अर्नेस्टनी रविवारी येऊन तिला समोर बसवून सांगावं. नाही आले, तर चॅपेलच्या दारात सगळ्यांदेखत मी त्यांना विचारीन. तुझी मान खाली जाईल, हे कळूनच लिहिते आहे.

तुझी बहीण, पण आधी बेरिलची आई,
विनिफ्रेड