शकीलाचाचीचं दुसऱ्यांदा रडणं

खामगाव, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

आमदारसाहेबांचं फेसबुक पेज मी चालवतो, म्हणून आज पिंपळगाव राजा गावात पीक-नुकसानीच्या पाहणीलाही मीच सोबत. शकीलाचाचीच्या शेतात साहेबांनी कपाशीचं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. चाची एकदम रडली, आणि नेमका माझा कॅमेरा साहेबांवर!

"चाची, एकदा परत रडा."

ती बघतच राहिली. "काऊन? मले काय बटन हाय काय रे?"

साहेब घड्याळ बघत होते. मी बोलून गेलो, "व्हिडिओ चालला तरच भरपाई भेटन." भरपाईचं मला काही माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मी म्हणालो, पदर काढा, चेहरा दिसत नाही. असं कसं बोललो मी? तिनं मुकाट्यानं पदर काढला.

व्हिडिओ तुफान चालला. मघाशी चाचीचा फोन, "बाप्पू, भरपाई कधी येते?" साहेबांना विचारलं.

"ब्लॉक कर बे तिले."

केलं. मग तिचाच रडता फोटो पेजवर सगळ्यात वर लावला.