उजेडात झाकलेली गाठ

प्रिय अक्का,

तू गेल्याला दोन वर्षं होत आली आणि लिहायला आज बसले. मूत्राशयाचा कॅन्सर कुठं आहे ते दाखवणारं नवं इंजेक्शन आज आमच्या स्कॅन विभागात पहिल्यांदा दिलं. बिडकीनच्या बाई होत्या, तुझ्याच वयाच्या. पडद्यावर त्यांचं मूत्राशय फिकट दिसत होतं आणि त्याच्यामागं हरभऱ्याएवढी गाठ लख्ख! मी बाहेर जाऊन रडले गं.

तुझी का नाही दिसली अशी?

तुला स्कॅनआधी जुनं, किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं होतं. ते कॅन्सरमध्ये साठतं, पण लघवीतही उतरतं. मग सगळं मूत्राशयच झगझगतं आणि शेजारची गाठ त्या उजेडात झाकली जाते. हे मला ठाऊक होतं. तरी स्कॅननंतर उस्मानपुऱ्याला माझ्या घरी येताना रिक्षात तू विचारलंस, "सुमे, खरं सांग, दिसलं का काही?" आणि मी म्हणाले, "नाय अक्का, काहीच नाय."

किती हसलीस! रिक्षा थांबवून जिलेबी घेतलीस.

डॉक्टरांनी 'पक्कं सांगता येत नाही, पुन्हा तपासू' असं लिहिलं होतं. ते मी तुला का नाही वाचून दाखवलं? चार महिन्यांनी तुझा पाय सुजला, तोवर सगळीकडं पसरलं होतं.

पण तूही कमी नव्हतीस! त्याआधी फुलंब्रीत वर्षभर लघवीतून रक्त जात होतं आणि तू धन्याजिऱ्याचं पाणी पीत राहिलीस. "उष्णता हाय, लई नाय." निदान मला तरी सांगायचंस! मला हट्टानं शिकवलंस ते कशासाठी?

शेवटच्या आठवड्यात मी रिक्षातलं खोटं कबूल केलं. तू म्हणालीस, "त्या दिवशी लई दिवसांनी पोटभर जेवले मी. ऱ्हाऊ दे."

ती माफी होती का, अक्का?

हे इंजेक्शन अजून अभ्यासातच आहे. प्रत्येकाची गाठ दिसेलच असं नाही. आजच्या बाईंनीही मला विचारलं, "दिसलं का ओ ताई?" मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील, मी सोबत बसते." आणि शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसले.

रविवारी फुलंब्रीला जातेय. तुझी सून, जावा, शेजारणी, सगळ्यांना अंगणात बसवणार आणि लघवीतलं रक्त म्हणजे काय ते मोठ्यानं सांगणार. लाजतील, पदर तोंडाला लावतील. पण सगळ्याजणी तोंड उघडून बोलेपर्यंत मी तिथून हलणार नाही. हे वचन तुला.

तुझी,
सुमन