आत येऊ द्यायचं का?

शनि. २२ नोव्हें.
॥ श्री ॥ सायली नोकरीसाठी पुण्याला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे. वाणसामानाचा हिशोब भरत होते, तर परत ती खिडकी. फायरवॉल म्हणे. कोणीतरी आत जोडू पाहतंय, येऊ द्यायचं का? तेही इंग्रजीत. माझी दहावी मराठीतली. 'ब्लॉक' दाबलं. तूरडाळ लिहिते न लिहिते तोच पुन्हा. दिवाळीपासून हेच. डोकं उठलं.

रवि. २३
सायलीला फोन. "आई, फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. आलेल्याची वर्दी देतो. येणारा प्रत्येक जण चोर नसतो गं." मग आकडे वाचायला लावले. एक-नऊ-दोनने सुरू. "म्हणजे बाहेरचं नाही, आपल्याच वायफायवरचं कोणीतरी. बघ, घरात नवीन काही..." कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. ठेवला फोन.
आपल्या वायफायवर आम्ही आणि वरच्या तांडेलवहिनी. बिल अर्धं-अर्धं. ही काटकसर माझीच!

बुध. २६
जिन्यात तांडेलवहिनी, "काय ताई, सायलीसाठी पालघरचा पोरगा बघितला ना? चांगला हाय म्हणं." वहिनींना कसं कळलं? अजून पत्रिकासुद्धा जुळवलेली नाही, मी कोणाला बोलले नाही. फोटो, माहिती सगळं कॉम्प्युटरमध्ये. आणि तिथेच रोज कोणीतरी दार ठोठावतंय.

गुरु. २७. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
वहिनी नेहमीप्रमाणे कलशासाठी पाच झाडांच्या डहाळ्या घेऊन आल्या, नवापूरच्या माहेरच्या. दारातच विचारलं, आमच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावता का? "आमी? आमच्याकडं कॉम्प्युटर तरी हाय का? फोनवर पोर कार्टून बघतं, तेवढंच." मग स्थळाचं कसं कळलं? "तुमच्या मालकांना विचारा." पिशवी ठेवली, गेल्या. म्हटलं, विषय टाळतायत. वायफायचा पासवर्ड बदलला, आमच्या फोन-टीव्हीत नवा टाकला. व्रताच्या दिवशी तोंड खराब केलं.

रवि. ३०
खिडकी पुन्हा आली. तोच एक-नऊ-दोन. वर तर नेट बंद! ह्यांना विचारलं. "स्थळाचं? मीच बोललो तांडेलला, कंपनीच्या बसमध्ये. त्यात काय?"
त्यात काय!! भाजी करपली ती वेगळीच.

गुरु. ४ डिसें.
डहाळ्या बोईसरच्या बाजारातून आणल्या. सुकलेल्या. वहिनी जिन्यात भेटल्या, भिंतीकडे बघत गेल्या.

शनि. ६
सायली फोनवर वैतागली. "मी तेव्हाच सांगत होते! दिवाळीत घेतलेला टीव्ही. तो वायफायवर आजूबाजूची यंत्रं शोधत बसतो. बंद करून बघ." प्लग काढला. खिडकी नाही. लावला. आली.
सेलमध्ये तो टीव्ही हौसेने मीच घेतला. हे बातम्या बघतात आणि तो मेला हाका मारतो. शेजारीण मात्र चोर.

मंगळ. ९
नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वर गेले. दार अर्धंच उघडलं. चुकले म्हटलं, टीव्हीचं सगळं सांगितलं. "नको ताई. आमी दुसरं नेट घेतलं. परत तुमच्या मशिनला काय झालं, तर परत आमचंच नाव." चिठ्ठी हातातच राहिली. आत या म्हणाल्या नाहीत. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. चीड येते. त्यांची नाही.

गुरु. ११
मांडणी नीट जमली नाही. पोथीत लक्ष नाही. खिडकी आलीच. आता ओळखते तिला, तरी 'ब्लॉक'च दाबते.

गुरु. १८. शेवटचा गुरुवार
सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी. पाच डहाळ्या, ओल्या, नवापूरच्या. बेल वाजवली नव्हती. एरवी दोनदा वाजवून वर हाक मारणारी बाई.
कलश मांडला. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला वर गेले. "बघते," एवढंच.
संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका येऊन गेल्या. जिन्यात पाऊल वाजलं की उठते. हे म्हणाले, "डास येतायत, दार लाव."
नाही लावलं. वहिनींची ओटी ताटात काढून ठेवलीय.