मुलगी बघायला सोलापूर

लोहारा, ३ डिसेंबर २०२४

ती. अक्का यांस,
गुरुसिद्धप्पाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर नागम्मा ऐकते, म्हणून पत्र. लिव्हर खराब झाल्यापासून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला डॉक्टर दुर्बीण घालतात, ते तुला ठाऊक आहेच. या वेळी तिथं कॅन्सरचा डाग दिसला. अगदी सुरुवातीचा आहे. छाती उघडून ऑपरेशन केलं तर माझ्या लिव्हरला झेपणार नाही, पण तोंडातून दुर्बीण घालून तेवढा थर सोलून काढता येतो म्हणे. रक्त थांबेल ना, याची मात्र मला भीती वाटते.

बायकोला सांगायचा धीर झाला नाही. तुझ्या शिवप्रसादसाठी सोलापूरला मुलगी बघायला जातो, अशी थाप मारली. रागावू नकोस.

लोभ आहेच, काळजी तेवढी वाढवू नकोस.
तुझा गुरुसिद्धप्पा

कळंब, ७ डिसेंबर

चि. गुरुसिद्धप्पा यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, मुलगी बघायला कुणी एकट्यानं जातं का? शिवप्रसादला लोहाऱ्याहून अभिनंदनाचे अकरा फोन आले. पोरगी कुठली, हे तो मलाच विचारतोय. महांतप्पाकाकांनी जीप ठरवली आणि फेटा इस्त्रीला टाकला, असंही कळलं.

डाग लवकर सापडला हे नशीब. काढून घे, टाळू नकोस. पण नागम्माला खरं सांग.

जीव आहे म्हणून रागावते, एवढं ध्यानात ठेव.
अक्का

लोहारा, २० डिसेंबर

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

नागम्माला खरं सांगायचं राहूनच गेलं. जीपमधून नागम्मासकट आम्ही सातजण दवाखान्यापुढं उतरलो. मुलगी डॉक्टरीण आहे असं समजून काका खूश. डॉक्टरीणबाई कागदावर सही घ्यायला आल्या, तर काकांनी त्यांना समोर बसवून सैपाक येतो का विचारलं. दुर्बीण येते, म्हणाल्या, पेशंट कोण? मी हात वर केला. नागम्मानं सही केली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी डाग काढला. रक्त आलं, ते चिमटे लावून थांबवलं. काल रिपोर्ट आला. डाग पूर्ण निघाला, कडा स्वच्छ आहेत. आता ठरल्या वेळी दुर्बीण करत राहायची.

खालची जागा नागम्माला हवी आहे, म्हणून थांबतो.
गुरुसिद्धप्पा

अक्कांना नागम्माचा नमस्कार. दोन दिवस मी अबोला धरला होता. यांना आत नेऊन दार लावलं, तेव्हा कळलं की अबोला धरायलाही समोर माणूस लागतो. शुद्धीवर आल्यावर मनसोक्त बोलून घेतलं, दुसऱ्या दिवशी पातळ पेज दिली. दोन्ही यांनी गपचिप गिळलं.