ओसरीवरची तलंग

सोम. २४ नोव्हें.
सकाळी खुराडं उघडलं. सगळ्या बाहेर आल्या, एक पिलू आतच. काबऱ्या कोंबडीचं, दीड महिन्याचं, तांबूस. मान पाठीवर उलटी, चोच आभाळाकडं. उभं केलं तर मागं मागं चालत गेलं नि कोलमडलं.
शेजारचा भागवत बांधावरून म्हणाला, "काका, मानमोडी हाय ही. आजच उरका, न्हायतर सगळ्या जातील."
वेगळं ठेवायला जागा फक्त घरात. सौ. पक्की माळकरी. लग्नाच्या चौतीस वर्षांत अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. कोंबड्या पाळल्या त्याच मुळी मी मे महिन्यात एस.टी.तून निवृत्त झाल्यावर, परसात. विचारून बघितलं. "परसात तुमचं राज्य, घरात माझं," म्हणाली.
दुपारी ओसरीच्या कोपऱ्यात एक खोका दिसला. आत जुन्या लुगड्याची घडी. पिलू त्यात ठेवलं.

मंगळ. २५
पिलू पिशवीत घालून एस.टी.नं लोहाऱ्याला, जनावरांच्या दवाखान्यात. या रस्त्यावर किती वर्षं गाडी मारली, आज खिडकीशी बसलो. प्रत्येक वळणाला उजवा पाय आपोआप दाबला जात होता.
डॉक्टर मॅडम तरुण, वैशालीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या वयाच्या. नीट बघितलं. लस झाली का, बाकीच्यांना सर्दी, हगवण आहे का, खाद्य कुठलं. खाद्याचं पोतं उन्हाळ्यापासून पत्र्याच्या शेडात, हे सांगताना जीभ अडखळली.
"उष्णतेनं त्यातली जीवनसत्त्वं गेली असतील. ई आणि बी-वन देऊन बघू. पण राणीखेत, म्हणजे मानमोडीची साथ, नाहीच असं आज सांगता येणार नाही. वेगळं ठेवा, बाकीच्यांवर लक्ष ठेवा."
"वाचंल का?"
"आठ-पंधरा दिवस धीर धरा."
घरी आल्यावर आधी ते पोतं खड्ड्यात पुरलं. माझ्याच हलगर्जीपणानं झालं हे.

बुध. २६
ई ची कॅप्सूल टाचणीनं टोचायची, सांगितलेल्या मापानं थेंब चोचीच्या कडेला लावायचा. चोचीत ओतायचं नाही, श्वासात जातं. सकाळचा थेंब मिशीला, दुसरा बनियनला. सौ. दळण निवडत बघत होती.
"स्टेअरिंग धरल्यागत काय धरताय त्याला? सरका."
हात धुऊन आली, पिलू पदरात गुंडाळलं, डोकं तळव्यावर टेकवलं. थेंब बरोबर गेला. मग पुन्हा हात धुतले, तुळशीला पाणी घातलं, निवडायला बसली. बी-वनचं औषधही तिनंच दिलं.

शुक्र. २८
बाकीच्या ठणठणीत. पिलू स्वतः खात नाही. चोच मारतं एकीकडं, दाणा दुसरीकडं. मॅडमनी उकडलेल्या अंड्याचा बलक सांगितलेला. विचारायची हिंमत झाली नाही, परसात तीन दगड मांडून उकडलं. सौ. मागच्या दारात.
"वास येतोय."
"औषध हाय."
"औषध ते बाहेरच द्या. आत मी माझं देते." संध्याकाळी बघितलं, वाटीत मोड आलेले गहू, वर सूर्यफुलाच्या बियांचं कूट. म्हणजे कालच भिजत घातले असणार.

रवि. ३०
वाईट दिवस. दुपारी पिलू खोक्यात गडगडा लोळलं, चाकासारखं. मान पार पायाखाली. धरलं तर छाती नुसती धडधड. भागवत म्हणाला, "जिवाचे हाल कशाला करता काका." मलाही पटलं. सौ.ला म्हणालो, सोडून देऊ आता.
ती टॉवेलची गुंडाळी करून पिलाच्या मानेला दोन्हीकडून टेकू देत होती. वर न बघताच बोलली, "वैशाली वर्षाची होती तवा तिला तापात असंच झालं होतं. डोळे पांढरे. उमरग्याला नेलं मी, जीपमधून, एकटीनं. दोन दिस मांडीवर धरून बसले. तवाबी बायका म्हणत होत्या, देवावर सोड."
मला हे माहीतच नव्हतं.
"सांगितलं न्हाय कधी."
"सांगून काय? तुम्ही हैद्राबादच्या मुक्कामाला. आलात तवा पोर अंगणात खेळत होती."
पिलू मागून घेतलं. ऊन कलेपर्यंत मान हातावर धरून बसलो. ती शेजारी शेंगा फोडत होती. निवृत्त झाल्यापासून इतका वेळ एका जागी आम्ही दोघं पहिल्यांदाच बसलो.

सोम. १ डिसें.
एकादशी. चहाच्या वेळी मान सरळ. मी दहापर्यंत मोजलं, सौ. म्हणते बारा. मग पुन्हा वाकडी. तरी सरळ झाली.

गुरू. ४
खाल्लं. स्वतः. वाटीतला गहू टिपला, चुकलं, परत टिपला, गिळला. सौ.नं मला हाक मारली ती थेट नावानं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. दोघंही चपापलो. मग ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, थांबेचना. मला वाटलं ठसका लागला.
भागवत येऊन बघून गेला. "काका, औषधाचं नाव लिहून द्या की."

रवि. ७
वैशालीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. सौ.च्या पदराआड तांबूस पिसं दिसली तिला.
"आई, तुझ्या मांडीवर काय आहे?"
"कुठं काय."
"आई, कोंबडी आहे ती."
"कोंबडी न्हाय, पेशंट हाय."
पोरगी किती वेळ हसत होती. मग उमरग्याचं विचारलं मी तिला. तिलाही माहीत नव्हतं. सौ.नं सगळं पहिल्यापासून सांगितलं. पिलू ऐकत बसल्यागत गप्प.

बुध. १०
लोहारा. या वेळी सौ. बरोबर. पिशवी तिच्याच मांडीवर, मला धरू दिली नाही. बाकीच्यांत दुखणं पसरलं नाही, त्यावरून कमतरताच असावी असं मॅडम म्हणाल्या. खात्री मात्र नाही. औषध आणखी काही दिवस द्यायचं. घाबरलं की मान परत वळेल, काहींची कायम थोडी तिरकी राहते. शिवाय ही तलंग आहे, कोंबडा नाही.
"मला ठाऊक होतं," सौ. म्हणाली. कसं ते सांगितलं नाही.
येताना उसाचा रस प्यालो दोघं, स्टँडसमोर. ड्यूटीवर असताना कितीदा प्यालो तिथं, एकटाच.

शनि. १३
तलंग परसात सोडली. आधी बावरली. मग धावली, जराशी डावीकडं झुकत, पण पुढं. सौ.नं बाजेवर बसून टाळ्या वाजवल्या, अगदी हळू. काबरीनं ओळखलं नाही, एक टोच मारलीच. कुत्रं भुंकलं तशी मान पुन्हा उलटी. मी उठलो.
"थांबा जरा. तिची ती करू द्या."
थांबलो. मान आली सरळ. बरीचशी.
दिवस मावळताना बाकीच्या खुराड्यात शिरल्या. ही मधेच उभी. एकदा खुराड्याकडं बघते, एकदा ओसरीकडं. सौ. दारात, मी खुराड्याशी, कडी हातात धरून. आम्ही दोघंही हाक मारत नाही.