कारभाऱ्यानं पाळी उलटी केली

३ डिसें., बुध.
सकाळी पाण्याच्या पाळीची यादी छापून, सही करून पाणीवापर सोसायटीच्या भिंतीला डकवली. दुपारी कौसाबाई आली, हातात खोरं तसंच. मागच्या आवर्तनात चारीच्या शेपटाला पाणी पोचलंच नव्हतं, म्हणून बैठकीत ठरलेलं की यंदा टेल आधी. यादीत तिचं शेपटाचं रान शेवटी.
"आबा, तुमच्या मशीनलाबी आम्ही शेपटालाच दिसतो व्हय?"
तीन वर्षं यादी एकदाही चुकली नाही, म्हणून मी ती वाचलीच नव्हती.

४ डिसें.
सापडलं. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम आणणारा, बसवणारा, काढणारा तो पॅकेज मॅनेजर. मी त्याला कारभारी म्हणतो. सोमवारी सकाळी त्यानं आपणहून यादीचा प्रोग्रॅम बदलून नवा बसवला. सोबत अकरा पाहुणे, त्याला लागणारे छोटे प्रोग्रॅम. 'टेल आधी' ही माझ्या हातची ओळ पुसली, कंपनीची 'हेड आधी', म्हणजे चारीच्या तोंडापासून, ती ठेवली. सगळं त्याच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, वेळेसकट. लिहून ठेवतो, विचारत नाही. पूर्वी दर वेळी विचारायचा, हो की नाही. मी हो म्हणायचो. घरच्यासारखा वाटायचा.
पण न विचारता करायची मुभा त्याला दिली कोणी?

५ डिसें.
जुना जोडीदार बबनराव, त्याला दौंडला फोन. रेल्वेतून रिटायर झाल्यावर दोघं मिळूनच हे शिकलो, चुकत-माकत.
"दिवाळीला आलो तवा मीच चालू केलं ते. आपोआप अपडेट. तुमच्या भल्यासाठीच की."
"सांगायचं तरी."
"तुम्ही च्या ठेवायला आत गेलावता. मग राहूनच गेलं."
चहा त्याच्यासाठीच ठेवत होतो. बिनसाखरेचा, वेगळा.
फोन ठेवला.

६ डिसें.
हातानं नवी यादी लिहून हेडच्या, चारीच्या तोंडाशी रान असलेल्या तात्यांकडे गेलो. त्यांच्या उसात पाणी सुरू.
"चारीचं दार बंद करा तात्या, यादीत चूक झालीय."
"सही कुणाची हाय भिंतीवर?"
"माझीच."
"मग? आन् उद्या तिसरीच यादी आणाल."
खोटं काय बोलले. परत येताना कौसाबाईचा गहू पाहिला. कडेनं पिवळा पडू लागलाय. ती दिसली, बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

७ डिसें., रवि.
आवर्तन बुधवारी बंद. पाणी अजून तिसऱ्याच रानात.
कारभाऱ्याची मुभा काढून घेतली. 'आपोआप अपडेट'पुढची एक खूण पुसायची, एवढंच होतं. माझी ओळ परत लिहिली. यादी बरोबर निघते आता. तीनदा वाचली. भिंतीला लावायला हात उचलवत नाही.
बबनरावचा फोन. उद्या सकाळच्या एसटीनं शिरूरला उतरतो, मशीन बघतो म्हणाला. या म्हटलं.
मशीनपाशी बसवायचं नाही. आधी कौसाबाईच्या रानावर न्यायचं. चहा नंतर. ठेवला तर.